आजाराच्या आडचा आजार

(आपल्या सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिला कार्यक्रमात झालेलं हे भाषण. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायला सोयीचं आहे.)

रेडिओ ऐकत भाकरी थापणाऱ्या, निंदायला गेलेल्या, दळणाच्या रांगेत थांबलेल्या सगळ्या ताई-मावश्यांना नमस्कार. आणि कानावर पडतंय म्हणून ऐकणाऱ्या दादांनाही.

शुगर, बीपी, टीबी, हृदयाचा झटका, लकवा, कॅन्सर ही नावं आता घराघरांत माहीत झाली आहेत. कुणाला कुठली गोळी चालू आहे हेही शेजारणीला माहीत असतं. पण या आजारांच्या आड आणखी एक आजार लपून बसतो. तो कुणाच्या कागदावर लिहिलेला नसतो. त्याचं नाव नैराश्य. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलू.

एक बाई डोळ्यांसमोर आणा. कुठल्याही वाडीवर भेटेल अशी. पन्नाशी ओलांडलेली, पाच-सहा वर्षांपासून शुगर. आधी सगळं नेटानं करायची. सकाळी गोळी, मग चहा, तोही बिनसाखरेचा. गटाच्या बैठकीला सगळ्यांच्या आधी हजर. गेल्या तीन महिन्यांत मात्र तिचं काहीतरी बिनसलं. दोन बैठकांना आली नाही. एक हप्ता चुकला. निरोप पाठवला तर म्हणाली, "पाय दुखतात." घरी गेलो तर अंथरुणावर पडलेली. गोळ्यांची पाकिटं तशीच्या तशी. "गोळ्या का घेत नाहीस गं?" तर म्हणते, "घेऊन तरी काय होणार आहे?"

आता गटात चर्चा काय होते? एक म्हणते, कर्ज फेडायचं नाही म्हणून सोंग करते. दुसरी म्हणते, आळस भरलाय. तिसरी जरा मायाळू असते. ती म्हणते, "अगं, एवढा शुगरचा त्रास, वाईट वाटणारच की बिचारीला." पहिल्या दोघींचं चुकतंय हे आपल्याला लगेच कळतं. पण खरा घोटाळा तिसरीच्या बोलण्यात आहे. "वाईट वाटणारच" असं म्हटलं की तो विषय तिथंच मिटतो. मग कुणी विचारत नाही, कुणी डॉक्टरला सांगत नाही, आणि ज्याला इलाज आहे तो आजार बिनइलाजाचा राहतो.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा. मोठा आजार झाल्यावर काही दिवस वाईट वाटणं साहजिक आहे. पण ती उदासी दोन आठवडे उलटले तरी रोज तशीच टिकून राहिली, खाणं-झोपणं-कामधाम सगळं तिनं गिळलं, तर तो वेगळा आजार आहे. त्याला वेगळा इलाज आहे. आणि तो इलाज केला की पहिल्या आजारावरचे उपचारही नीट चालतात.

हे किती जणींना होतं? शुगर असलेल्या माणसांत नैराश्याचं प्रमाण शुगर नसलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या दर पाच जणांत साधारण एकाला नैराश्य येतं. लकवा झालेल्या दर तिघांत साधारण एकाला. टीबी, कॅन्सर, मूत्रपिंडाचे आजार, जुना सांधेदुखीचा त्रास, यांतही हेच दिसतं. म्हणजे तुमच्या गटात चार-पाच जणींना जुने आजार असतील, तर त्यांत एखादी ही दुसरी शिदोरी मुकाट्यानं वाहत असेल असं समजून चाला.

असं का होतं? कारणं बरीच आहेत.

एक तर आजार माणसाला थकवतो, दुखवतो, खर्चात पाडतो. मुलीच्या शिक्षणाला ठेवलेले पैसे तपासण्यांत जातात. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाकडे पाणी मागितलं नाही, तिला लकव्यानंतर आंघोळीलाही सुनेचा हात धरावा लागतो. हे मनाला लागतं.

दुसरं कारण शरीराच्या आतलं. लकव्यात मेंदूच्याच एका भागाला इजा झालेली असते, आणि मेंदू तर मनाचंही काम बघतो. थायरॉईड ग्रंथीचं काम मंदावलं तर माणूस सुस्त आणि उदास होतो. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं, अंगात रक्त कमी असलं, तरी तसाच थकवा, तशीच मरगळ. काही जणींची गर्भाशयाची पिशवी काढताना बीजकोशही काढलेले असतात. मग शरीरातली संप्रेरकं एकदम घटतात. रात्री घाम, झोप नाही, चिडचिड, रडू येणं, हे सगळं त्यातून येऊ शकतं. बाई म्हणते, "ऑपरेशन झाल्यापासून मी माझी राहिलेच नाही." तिच्या या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नका.

तिसरं कारण औषधांचं. स्टेरॉईडच्या गोळ्यांनी काही जणांचं मन बिघडतं. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर सायक्लोसेरीन नावाचं एक औषध देतात, त्यानंही उदासी किंवा भ्रम होऊ शकतो. पण याचा अर्थ गोळी बंद करायची असा नाही. टीबीची औषधं मध्येच सोडली तर तो आजार जास्त चिवट होऊन परत येतो. त्रास होतोय हे डॉक्टरला सांगायचं. औषध बदलायचं, कमी करायचं की त्याला जोड द्यायची, हे ते ठरवतील.

आणि हा घाणा उलटाही फिरतो. मन खचलं की बाई गोळी विसरते, चालणं सोडते, जेवणाच्या वेळा मोडते, कधी दिवसभर उपाशी तर कधी समोर येईल ते खाते. सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, त्यानंही शुगर चढते. शुगर चढली की थकवा वाढतो. थकवा वाढला की मन आणखी खचतं. डॉक्टर बिचारे दर महिन्याला शुगरच्या गोळीचा डोस वाढवत राहतात, आणि पाकीट घरी फळीवर न फोडता पडलेलं असतं.

आता तुम्ही विचाराल, ताई, थकवा शुगरमध्येही येतो, झोप दम्यामध्येही उडते, टीबीत भूकही जाते. मग हे शरीराचं की मनाचं, ओळखायचं कसं?

बरोबर आहे. म्हणून नुसतं थकवा-भूक-झोप बघून भागत नाही. बाईचा रस कशात उरला आहे ते बघा. पाय दुखत असले तरी नातवंड मांडीवर आलं की जिचा चेहरा उजळतो, ती आजारानं दमलेली आहे. नातवंड येऊन गेलं तरी जी भिंतीकडेच बघत बसते, जिला आवडती मालिकाही नको, सणाला नवं लुगडं नको, देवळात जाणं नको, तिच्याबाबत शंका घ्या. दुसरी खूण तिच्या बोलण्यात सापडते. "मी सगळ्यांना ओझं झालेय," "माझ्यामुळे घर बुडालं," "आता उरलंय काय," अशी वाक्यं वारंवार येऊ लागली, तर तो थकवा नुसता अंगाचा नाही.

यासाठी दोन साधे प्रश्न आहेत. हे मी तयार केलेले नाहीत. जगभर डॉक्टर हेच वापरतात. तुमच्या आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, ज्याला सीबॅक म्हणतात, त्यातही हे आता आले आहेत. कागद-पेन्सिल घ्या.

पहिला प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत, काही करण्यात गोडी वाटत नाही, आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं?

दुसरा प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत, उदास वाटतं, खचल्यासारखं वाटतं, पुढं काही आशा नाही, असं किती वेळा झालं?

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. एकदाही नाही, तर शून्य. काही दिवस, तर 1. निम्म्याहून जास्त दिवस, तर 2. जवळजवळ रोज, तर 3. दोन्हींची बेरीज करा. 3 किंवा जास्त आली, तर आरोग्य केंद्रात दाखवायला हवं. एवढ्यावरून नैराश्य आहेच असं ठरत नाही. ते डॉक्टर आणखी प्रश्न विचारून, तपासून ठरवतील. आपलं काम दाराशी नेऊन पोचवण्याचं.

हे प्रश्न विचारायची एक रीत आहे. बैठकीत सगळ्यांसमोर विचारायचे नाहीत. विहिरीवर, शेतातून येताना, दोघीच असताना विचारायचे. उत्तर मिळालं की ते आपल्यापाशी ठेवायचं. गटाच्या इतिवृत्तात लिहायचं नाही, सासूला, जावेला, दुकानात सांगायचं नाही. एकदा बोभाटा झाला की ती बाई पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि बाकीच्याही शहाण्या होतील.

आरोग्य केंद्रात गेल्यावर काय सांगायचं? बऱ्याच जणी डॉक्टरसमोर बसल्या की "कंबर दुखते, डोकं दुखतं, चक्कर येते" एवढंच सांगतात. मनाचं तोंडावर येत नाही. म्हणून बरोबर जाणारीनं सरळ सांगावं: "डॉक्टर, हिला शुगर आहे, आणि तीन महिन्यांपासून हिचं मन कशात लागत नाही, गोळ्याही घेत नाही." चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, मेडिकलमधून स्वतः घेतलेल्या आणि वैदूकडच्यासुद्धा. रक्त, शुगर, थायरॉईड आणि बी-12 तपासायची गरज आहे का, ते विचारा. कारण थायरॉईडचं दुखणं निघालं तर आधी त्याचा इलाज लागतो.

अजून एक. शुगरच्या रुग्णाला अचानक घाम फुटला, हात थरथरले, छाती धडधडली, बोलण्यात घोळ झाला, तर मनाचं दुखणं समजून बसू नका. शुगर एकदम उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी किंवा गूळ द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करून गाडी बोलवा.

नैराश्यावर इलाज दोन तऱ्हेचे आहेत, आणि कधी कधी दोन्ही मिळून करावे लागतात.

पहिला बोलण्याचा, म्हणजे समुपदेशनाचा. काहींना वाटतं, नुसतं बोलून काय होतं? तर ऐका. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांबरोबर एक अभ्यास झाला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. त्या भेटींत काय करायचं, तर मन खचल्यामुळे सुटलेली कामं आणि आवडीच्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी बघितलं, तर अशा भेटी मिळालेल्या 100 जणांत 64 जण आजारातून वर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांत 39.

दुसरा इलाज गोळ्यांचा. नैराश्याच्या गोळ्यांबद्दल गैरसमज फार. त्यांची सवय लागते म्हणतात. झोपेच्या गोळ्यांची लागू शकते, त्या वेगळ्या. नैराश्याच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. पण त्यांना धीर लागतो. गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि सुरुवातीला थोडी मळमळ, थोडी डोकेदुखी होऊ शकते. आठ दिवसांत "गुण नाही" म्हणून फेकू नका. बरं वाटू लागल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने किंवा जास्त चालू ठेवायला सांगतात. मनानं एकदम बंद केल्या तर त्रास होतो. आणि बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, म्हणजे एकमेकांना न बाधणारं औषध मिळेल.

मन सुधारलं की शरीर सुधारतं का, याचंही उत्तर आपल्याच देशातून मिळालं आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत शुगर आणि नैराश्य दोन्ही असलेल्या 404 माणसांचा अभ्यास झाला, तो 2020 साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याशिवाय एक काळजीवाहक जोडून दिला. त्यानं विचारपूस करायची, गोळ्या आणि खाण्यापिण्याचा पाठपुरावा करायचा, आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. दोन वर्षांनी या दुसऱ्या लोकांत 100 पैकी सुमारे 72 जणांची उदासी निम्म्याहून कमी झाली होती, आणि शिवाय शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांतलं निदान एक तरी आटोक्याकडे आलं होतं. नेहमीच्या उपचारांत असे 57 होते.

या सगळ्यात औषध जादूचं नव्हतं. कुणीतरी नेमानं विचारणारं होतं.

आणि हे विचारणं खेड्यातही जमतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघर, चावडीवर, बायकांच्या गटांत नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या 100 माणसांत चारजणच उपचारापर्यंत पोचायचे. नंतर 27 पोचू लागले.

मग आपला गट काय करू शकतो? चार कामं सांगते.

पहिलं, गैरहजेरीकडे नीट बघायचं. डॉक्टर बाईला महिन्यातून पाच मिनिटं बघतात, तेही ती गेली तर. गटाला मात्र ती बैठकीत दिसते, हप्त्यात दिसते. जुना आजार असलेली सभासद दोन बैठका आली नाही, तर दंडाची पावती फाडण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. हप्त्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. नंतर गरज पडली तर मुदत वाढवून द्यायची, तो अधिकार गटाचाच आहे.

दुसरं, सोबत द्यायची. पहिल्यांदा आरोग्य केंद्रात जाताना एकीनं बरोबर जायचं. नंतर रोज चालायला जाताना तिला हाक मारायची. "तू ये" एवढ्यानं ती येणार नाही. दारात उभं राहून "चल, चपला घाल" म्हणावं लागेल. पहिल्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंत गेली तरी पुष्कळ.

तिसरं, तिच्या हातात काम ठेवायचं. दया म्हणून सगळं काढून घेऊ नका. शेवया करताना तिला चाळणी द्या, पैसे मोजायला द्या. लहान, झेपेल असं, पण तिचं स्वतःचं.

चौथं, तिची सेवा करणारीकडेही बघायचं. सासूला लकवा झाला तर सून दोन वर्षं घराबाहेर पडलेली नसते. तिचंही मन तसंच खचतं. तेच दोन प्रश्न तिलाही विचारा. आळीपाळीनं दोन तास कुणी बसलं, तर ती माहेरच्या एखाद्या कार्याला जाऊन येईल.

बोलताना काय टाळायचं, तेही सांगते. "मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे", "अमकीला बघ, कॅन्सर होऊन हसतेय" असं बोलू नका. त्यानं ती आणखी गुन्हेगार होते. त्यापेक्षा, "तुझा हा त्रास खरा आहे, त्याला औषध आहे, मी येते बरोबर" एवढं पुरे. घरचे बाहेरचं झालंय म्हणून देवरूषाकडे नेत असतील तर वाद घालत बसू नका. अंगारा लावा, नवस बोला, पण शुगरची, बीपीची, टीबीची गोळी एक दिवसही थांबता कामा नये, एवढं मात्र ठामपणे सांगा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. "जगून काय करू" असं ती म्हणाली, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो असं नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध, इन्सुलिन, गोळ्यांचा साठा घरातल्या विश्वासू माणसानं कुलपात ठेवावा. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि 14416 हा नंबर पाठ करा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रुग्णानंच करावा असं नाही. काळजीत पडलेली मैत्रीणही करू शकते.

घरचे म्हणतील, पोलीस केस होईल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं धरलं आहे की जिनं असा प्रयत्न केला ती मोठ्या ताणाखाली होती, म्हणून तिला शिक्षेऐवजी मदत मिळाली पाहिजे. भीतीपोटी दवाखाना टाळू नका. त्याच कायद्यात असंही आहे की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखीच वागणूक मिळायला हवी.

येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटात कुणाकुणाला जुना आजार आहे ते मनात मोजा, आणि प्रत्येकीला एकेक मैत्रीण वाटून घ्या. ती तिला महिनाभरात एकदा एकटीला गाठून ते दोन प्रश्न विचारील. आणि हो, विचारणारीलाही कुणीतरी विचारा. आपल्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्याची औषधं वेळेवर देतात आणि स्वतःची गोळी परवडत नाही म्हणून अर्धी मोडून खातात.

नंबर पुन्हा सांगते: एक, चार, चार, एक, सहा. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

नमस्कार.